एकेचाळीस पदार्थांचं कार्ड

रविवारी सकाळी दोन वेटर आत्याची खुर्ची हलवायला आले, तेव्हा आत्या खुर्चीवर बसलेलीच होती.

"आत्या, जरा उठता का?" त्यातला एक म्हणाला.

"का रे? खाली काही सांडलंय?"

"नाही, इंजिनिअरसाहेबांनी सांगितलंय. इथे यंत्राचा पडदा लावायचाय."

आत्या उठली. ती खुर्ची अशा जागी होती की डाव्या हाताला फोन आणि उजव्या हाताला भटारखान्याची खिडकी. फोनवर ऐकायचं, खिडकीत डोकावून चुलीवर काय आहे ते बघायचं आणि मग तोंड उघडायचं. आत्याचं लग्न मोडलं तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. सगळं घर तोंड पाडून बसलेलं. तेव्हा बाबा, म्हणजे तिचे वडील, म्हणाले होते, "दोन दिवस हॉटेलात फोन बघायला ये, तेवढंच मन रमेल." त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. बाबा गेले, चुली गॅसच्या झाल्या, काळा फोन जाऊन पांढरा आला. ते दोन दिवस मात्र आजपर्यंत संपले नव्हते.

आज संपणार होते. आज बारा वाजता फोन यंत्राकडे जाणार, चार वाजेपर्यंत सगळं सुरळीत चाललं की दादा करारावर सही करणार, असं घरात ठरलं होतं. दादा आत्याचा थोरला भाऊ, मुलांचं ऐकून तोही तिला आत्याच म्हणायचा, आणि बाबांच्या मागे घराचा शब्द त्याचाच. सही झाली की आत्याला आराम. दादाची लेक परगावी दिलेली. तिला दुसरं मूल व्हायचं होतं, सासरी करणारं कुणी नव्हतं, म्हणून आत्याने तिच्याकडे राहायला जायचं. "तुलाही हवापालट, आत्या," असं सगळे इतक्या मायेने म्हणत होते की आत्याने बैठक संपायच्या आत माळ्याकडे नजर टाकली. तिची बॅग आधीच खाली काढलेली होती.

हे सगळं घडवून आणणारा दादाचा मुलगा. त्याला घरात इंजिनिअर म्हणत. इंजिनिअरिंग त्याने तीन वर्षं करून सोडलं होतं, नाव तेवढं सुटलं नाही. त्याने आणलेलं यंत्र फोनवर माणसासारखं बोलायचं, ऑर्डर घ्यायचं आणि त्याच क्षणी भटारखान्यात चिठ्ठी छापून द्यायचं. आवाज बाईचा होता. इतका गोड, की दादाची बायको पहिल्यांदा ऐकून म्हणाली होती, "ही बाई कधी नवऱ्यावर ओरडली नसणार."

"एका वेळी चाळीस फोन घेते," यंत्राच्या कंपनीचा माणूस आत्याला सांगत होता. गरम होत असूनही त्याने कोट घातला होता, म्हणून सकाळपासून सगळे त्याला कोटवाले म्हणत होते. "चाळीस! तुम्ही किती घेता?"

"एक," आत्या म्हणाली. "आणि चुली किती घेते?"

"चुली?"

"चाळीस फोन घेते म्हणालात. आमच्या चुली सहा आहेत."

म्हातारी माणसं काही बोलली की तरुण माणसं जसं हसतात तसं कोटवाले हसले आणि वायर जोडायला खाली वाकले.

बारा वाजायला वीस मिनिटं होती तेव्हा वस्तादाने आत्याला भटारखान्यात बोलावलं. वस्ताद मुख्य आचारी. सव्वीस वर्षं इथे, आणि आत्याचं जे एक गुपित होतं त्यात अर्धा वाटेकरी.

"सांगितलंत का त्यांना?" त्याने कांद्याची सुरी खाली ठेवत विचारलं.

"कशाबद्दल?"

"आत्याबाई, माझ्यासमोर तरी नको. कार्डाबद्दल."

कार्ड म्हणजे हॉटेलचं मेनूकार्ड. अकरा पानं, एकेचाळीस पदार्थ. शहरात एवढं मोठं कार्ड दुसऱ्या कुणाचं नव्हतं आणि बाबांना त्याचा फार अभिमान होता. ते वाढलं कसं, हे आत्याने डोळ्यांनी पाहिलेलं. दादाचं लग्न झालं, मोठी वहिनी घरात आली आणि आठ दिवस रडत होती. बाबांना रडणं सहन व्हायचं नाही. त्यांनी विचारलं, "माहेरी तुझ्या हातचं काय नावाजायचे?" ती हुंदके देत म्हणाली, "भाजलेल्या भोपळ्याचं सूप." बाबांनी ते कार्डावर छापून आणलं आणि रडणं थांबलं. मग धाकट्या भावाची बायको आली. ती रडली नाही. तिने सरळ कार्ड उघडलं, जावेचं सूप बघितलं आणि म्हणाली, "माझं कुठेय?" तिची अननसातली कोंबडी छापली गेली. तिथून रीतच पडली. चुलत सुना आल्या, मामेसुना आल्या, रुसलेले पाहुणे आले. जो येईल त्याचा एक पदार्थ. बाबांच्या हयातीत घरात एकही भांडण दोन दिवसांपेक्षा जास्त टिकलं नाही. तिसऱ्या दिवशी ते छापखान्यात जायचे.

कार्ड वाढत गेलं. भटारखाना तेवढाच राहिला. त्यात पहिल्यापासून नऊ पदार्थ होत होते आणि आजही नऊच होत होते, त्यातला हमखास तयार असणारा म्हणजे भाजलेल्या मांसाचा रोस्ट.

उरलेले बत्तीस पदार्थ आत्या सांभाळत होती. कुणी फोनवर अननसातली कोंबडी मागितली की आत्या आधी वाखाणायची, "वा, काय निवड आहे!" मग वेळ सांगायची, "पाऊण तास लागेल हं, ती घाईत केली की बिघडते." आणि मग अगदी आत्ताच आठवल्यासारखं, "रोस्ट तेवढा आत्ता उतरतोय. दहा मिनिटांत पाठवू का?" इतक्या वर्षांत एकही गिऱ्हाईक रोस्टच्या पलीकडे गेलं नव्हतं. आणि संध्याकाळी घरी आल्यावर आत्या ज्या वहिनीचा चेहरा उतरलेला दिसेल तिला सांगायची, "आज तुझी कोंबडी विचारत होते गं लोक." खोटं एक अक्षर नसायचं त्यात. लोक विचारतच होते.

"गुरुवारी गेले होते सांगायला," आत्या वस्तादाला म्हणाली. "इंजिनिअर पडद्यावर काहीतरी लिहीत होता. मी म्हटलं, कार्डाचं जरा बोलायचंय. तर म्हणाला, आत्या, तू आता डोक्याला ताप करून घेऊ नकोस, आराम कर."

"आणि तुम्ही परत आलात."

"परत आले."

"दारातून एक वाक्य फेकायला काय झालं होतं?"

आत्याने ओट्यावरची कांद्याची सालं गोळा करायला घेतली. वस्ताद तिच्याकडे बघत राहिला. सव्वीस वर्षांत ती कधी उत्तराला अडली नव्हती. त्याला जे समजायचं ते समजलं आणि त्याने पुन्हा सुरी उचलली.

बाहेर मोठं टेबल मांडून सगळे बसले होते. दादा मधोमध. त्याच्या उजवीकडे मोठी वहिनी, डावीकडे धाकटी. दोघी जावा तीस वर्षं अशाच बसत होत्या, मध्ये कुणीतरी ठेवून. धाकटीच्या पलीकडे तिचा नवरा भाऊ. भाऊ स्वभावाने फार गरीब. जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटायचं. इंजिनिअरची बायको सगळ्यांना पाणी देत फिरत होती. आत्याला त्यांनी टेबलाच्या टोकाला, मान देऊन, वाऱ्याच्या झोतात बसवलं होतं.

बाराच्या ठोक्याला इंजिनिअरने बटण दाबलं. "रविवारी यंत्रावरून मागवणाऱ्याला गोड पदार्थ फुकट," अशी जाहिरात त्याने आठवडाभर केली होती. लगेच फोन सुरू झाले. पडद्यावर कुठला पदार्थ किती गेला त्याचे आकडे हलू लागले आणि बाईचा आवाज सगळ्या हॉटेलात घुमू लागला.

"नमस्कार! आज आपल्याला काय आवडेल? आमच्या घरची खासियत आहे भाजलेल्या भोपळ्याचं सूप."

मोठ्या वहिनीने पदर सारखा केला. धाकटीचा हात ग्लासवर थांबला.

"खासियत?" धाकटी म्हणाली. "कुणी ठरवलं?"

"यंत्राने ठरवलं असेल," मोठी म्हणाली. "यंत्राला काय, जाऊ नसते."

तेवढ्यात दुसऱ्या फोनवर तोच आवाज म्हणाला, "आमच्या घरची खासियत आहे अननसातली कोंबडी!"

आता दोघींनी एकदमच इंजिनिअरकडे पाहिलं. तो वायर तपासायला लागला. दोघींनी त्याला वेगवेगळं गाठलं होतं, दोघींनी "तिला सांगू नकोस हं" असं बजावलं होतं, आणि त्याने दोन्ही खासियती भरल्या होत्या. तीन चुलत सुनांनीही गाठलं होतं म्हणे. त्याही भरल्या होत्या.

पण रागवायला कुणाला वेळ होता? आकडे पळत होते. सूप सात. कोंबडी नऊ. सूप चौदा.

"चौदा!" मोठी वहिनी म्हणाली.

"एकोणीस," धाकटी म्हणाली. "माझी एकोणीस झाली. भाऊजी, तुम्हाला इथून दिसतंय ना?"

"दिसतंय, दिसतंय," दादा म्हणाला. त्याचा ऊर भरून आला होता. "बाबा असायला हवे होते आज. बघ आत्या, एका तासाचं काम दहा मिनिटांत!"

आत्या पडद्याकडे बघत नव्हती, भटारखान्याच्या खिडकीकडे बघत होती. खिडकीतून चिठ्ठ्यांचं यंत्र दिसत होतं. त्याच्या तोंडातून कागदाची पट्टी बाहेर येत होती, येतच होती, आणि जमिनीवर तिची वळकटी होत होती. वस्ताद ती हातात धरून वाचत होता. वाचता वाचता तो चुलीपासून एक पाऊल मागे सरकला. आगीशी आयुष्यभर खेळलेला माणूस. इतका वेळ आत्याला मनात कुठेतरी गुदगुल्या होत होत्या, आता ही बया कशी तोंडावर आपटते बघूया म्हणून. ते बघितलं आणि गुदगुल्या थांबल्या.

ती उठणार, तोच वस्ताद बाहेर आला. कागदाची पट्टी गळ्यात हारासारखी अडकवलेली. तो सरळ मोठ्या वहिनीसमोर उभा राहिला.

"मोठ्या बाई, तुमच्या सूपात काय काय पडतं?"

"म्हणजे?"

"भोपळा पडतो. एवढं नावावरून कळलं. पुढे?"

मोठी वहिनी हसली. "काय विचारता वस्ताद! रोज करताय ना!"

"सव्वीस वर्षांत एकदाही केलं नाही, बाई."

यंत्र तेवढं बोलत होतं, कुणाला तरी सूपाबरोबर पाव सुचवत होतं.

"असं कसं?" मोठी वहिनी आत्याकडे वळली. "वन्सं, परवाच तुम्ही म्हणालात, लोक माझं सूप विचारत होते!"

"विचारत होतेच की," आत्या म्हणाली.

"मग?"

"मग मी त्यांना रोस्ट दिला."

धाकटी खो खो हसली. "अगं बाई! म्हणजे जाऊबाई, चाळीस वर्षांत एक वाटी सूप नाही गेलं?"

"आणि धाकट्या बाई," वस्ताद म्हणाला, "कोंबडी अननसात घालायची की अननस कोंबडीत?"

धाकटीचं हसू जिथे होतं तिथेच राहिलं.

मग जे झालं ते त्या घराने तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. धाकटी उठली, दादाच्या मागून वळसा घालून गेली आणि मोठीच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. दोघी एका रांगेत आल्या आणि समोर आत्या.

"आमच्या तोंडावर गोड बोलायचं आणि मागे हे?" मोठी म्हणाली.

"मी माहेरी सांगते दर वर्षी, माझी कोंबडी सगळ्यात जास्त खपते म्हणून!" धाकटी म्हणाली. "माझ्या आईने शेजारीपाजारी सांगितलंय!"

"तू आम्हाला फसवलंस, आत्या," दादा म्हणाला.

"खरंय, फसवलं," भाऊ म्हणाला.

"कुणाला फसवलं?" आत्याचा आवाज चढला नाही. फोनवर बोलून बोलून तो चढायचा विसरला होता. "गिऱ्हाईक पोटभर जेवून गेलं. वहिनी खूश होऊन झोपल्या. बाबांचं कार्ड अकरा पानांचं राहिलं. दादा, तू मालक आहेस, तू कधी भटारखान्यात जाऊन विचारलंस, अननस कुठून येतो म्हणून? चाळीस वर्षांत या हॉटेलात एक अननस आलेला बघितलाय कुणी?"

भाऊ म्हणाला, "हेही खरंय."

"पण मला तरी सांगायचंस," इंजिनिअर म्हणाला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "मी विचारलं होतं, काही राहिलंय का."

"आले होते गुरुवारी," आत्या म्हणाली, आणि मग तिलाच ते पुरं वाटलं नाही. "पण सांगितलं नाही. सांगता आलं असतं. मला वाटलं, पडू दे तिला तोंडघशी. ती माझी चूक. आता आधी ती बंद कर."

इंजिनिअरने कोटवाल्यांकडे पाहिलं.

"बंद करण्याची विनंती नोंदवता येते," कोटवाले म्हणाले. "कार्यालयातून मंजुरी आली की थांबेल."

"वायर काढा!"

"वायर काढून उपयोग नाही. ती इथे नाहीच आहे, इथे फक्त पडदा आहे." मग समजुतीच्या सुरात, "तिच्याकडून काही चुकलेलं नाही, साहेब. ऑर्डर घेणं तिचं काम. पदार्थ असणं हे आपल्याकडे येतं."

सूप बावीस. कोंबडी सव्वीस.

आत्याने वस्तादाच्या गळ्यातली पट्टी काढून टेबलावर पसरली. प्रत्येक ऑर्डरखाली फोन नंबर होता. "रोस्टची किती तयारी आहे?"

"आत्ता चाळीसची. तासात आणखी साठ."

"चढव. वहिनी, तुमचा फोन काढा. तूही काढ गं. सूपाची गिऱ्हाइकं वहिनींची, कोंबडीची तुझी. बाकी सगळी माझी."

"आम्ही काय करायचं?" मोठीने विचारलं.

"गिऱ्हाईक वळवायचं. सूपावरून रोस्टवर."

"माझ्याच सूपावरून? मी?"

"तुमच्याइतकं ते कुणाला माहितीये?"

मोठ्या वहिनीने पहिला फोन लावला आणि सरळ सांगून टाकलं, "आमच्याकडे सूप नाहीये." पलीकडून जे ऐकू आलं ते टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू आलं. तिने फोन कानापासून लांब धरला.

"नाही म्हणायचंच नाही मुळी," आत्या दुसऱ्या फोनवर हात ठेवून म्हणाली. "आधी कौतुक. मग वेळ. मग रोस्ट, आणि तोही असा, की तुम्हाला आत्ता वास आला."

दुसऱ्या फोनला मोठी अडखळली. तिसऱ्याला जमलं. पाचव्याला ती म्हणत होती, "सूप ना? द्यायचं तर देते, पण मनापासून सांगू? भोपळा शेवटी भोपळाच. त्यापेक्षा रोस्ट..." आणि फोन ठेवून धाकटीला विचारत होती, "माझे पाच झाले. तुझे?"

"सात," धाकटी म्हणाली. तिची पद्धत वेगळी होती. ती गिऱ्हाइकाला खालच्या आवाजात विश्वासात घ्यायची. "हॅलो, मी घरातलीच बोलतेय, म्हणून सांगते. अननसाने दात आंबतात."

दादा नंबर वाचून दाखवत होता. भाऊ डब्यांची झाकणं लावत होता. इंजिनिअरची बायको गोड पदार्थाच्या वाट्या भरत होती, कारण ते फुकटचं वचन तेवढं खरं होतं. दीडच्या सुमाराला कार्यालयातून मंजुरी आली आणि बाईचा आवाज वाक्याच्या मध्येच थांबला. कुणी मान वर करून पाहिलं नाही. आत्या एका हाताने चिठ्ठ्या उलटत होती, दुसऱ्या हातात फोन. कितीतरी नंबर तिला तोंडपाठ होते. ती आवाज ऐकून म्हणत होती, "पोस्टमास्तर, तुम्ही कधीपासून मासा खायला लागलात?" आणि पोस्टमास्तर पलीकडे हसून रोस्टवर येत होते.

तीन वाजता शेवटचा डबा बाहेर पडला. चारजणांनी ऑर्डर रद्द केली, एकाने पुन्हा तोंड बघणार नाही असं सांगितलं, बाकी सगळे जेवले.

सगळे टेबलाशी येऊन कोसळले. मग मोठी वहिनी म्हणाली, "इंजिनिअर, माझं सूप काढून टाक कार्डावरून."

"आई, असं काय करतेस?"

"काढ. पन्नास लोकांना सांगून सांगून मलाच त्याचा वीट आलाय. भोपळा भाजा, सोला, वाटा. कुणी सांगितलंय?"

धाकटीने डोळे बारीक केले. मोठेपणा एकट्या जावेच्या पदरात पडू देणं तिला शक्यच नव्हतं. "मग माझी कोंबडी आधी काढ. पहिल्या ओळीत आहे ती."

"अगं, मी आधी म्हटलं."

"तुमचं एकच गेलं जाऊबाई. माझा लिंबाचा केकही काढ रे. तो मी बाबांकडून नंतर मागून घेतला होता."

त्या दोघींची अशी चढाओढ लागली की इंजिनिअरला पेन्सिल पुरेना. चुलत सुनांचे पदार्थ दोघींनी मिळून, त्यांना न विचारता, मोठ्या मनाने काढले. दादाला भरून आलं. त्याने स्वतःच्या हाताने आपल्या जावयाचा भरलेला कोबी खोडला. साडेतीनला कार्डावर नऊ पदार्थ राहिले. तेच नऊ, जे वस्ताद रोज करत होता. बाबांच्या मागे इतकं खरं या घरात पहिल्यांदाच लिहिलं गेलं होतं, आणि सगळ्यांचे डोळे पाणावले होते.

"नऊ?" कोटवाले कोपऱ्यातून पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. "नऊ असतील तर प्रश्नच नाही. नऊ पदार्थ ती झोपेत विकेल! साहेब, चार वाजायचेत अजून."

इंजिनिअर हळूच आत्याच्या बाजूला येऊन बसला. तो वाईट नव्हता. लहानपणी तिच्या मांडीवर झोपायचा. "आत्या, आज तू नसतीस तर काही खरं नव्हतं. पण आता... आता जमेल ना तिला?"

"जमेल की," आत्या म्हणाली.

आणि जमणारच होतं, हे तिला इतरांच्या आधी कळलं होतं. कार्ड खोटं होतं तोवर आत्या लागत होती. आता कार्ड खरं झालं. ज्या भिंतीला तडाच नाही तिला लिंपायला माणूस कशाला हवं?

"मग आता सही करून टाका," मोठी वहिनी म्हणाली. "वन्सं दमल्यात हो. त्यांना आता खरंच आराम हवा." ती हे मनापासून म्हणत होती, आणि तेच अवघड होतं.

दादाने खिशातून पेन काढलं. आत्याने पाण्याचा घोट घेतला. समोर इंजिनिअरची बायको रिकामे ग्लास गोळा करत होती. दोन वर्षांपूर्वी घरात आलेली, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली मुलगी. आत्या तिच्याकडे बघत राहिली आणि तिने खोडलेलं कार्ड हळूच आपल्याकडे ओढलं.

"सूनबाई, तुझा कुठला गं यात?"

"काय, आत्याबाई?"

"पदार्थ. तुझा पदार्थ."

ती गोंधळली. "माझा... नाहीये. मी आल्यापासून कार्ड नव्याने छापलंच नाही ना."

"आणि आता छापतोय!" आत्या कपाळाला हात लावून म्हणाली. "नवं कार्ड निघणार आणि घरातल्या सुनेचं नाव त्यात नाही. बाबा असते तर जेवले नसते आज. काय करायचीस माहेरी?"

"राहू द्या हो. आत्ताच सगळ्यांचं काढलं..."

"तुझं कुठे काढलं? जे नव्हतंच ते काढणार कसं? बोल."

मुलीने नवऱ्याकडे एकदा पाहिलं. ती फार हळू आवाजात म्हणाली, "सफरचंदात शिजवलेला मासा. माझ्या वडिलांना फार आवडायचा. पण त्याला तीन तास लागतात."

"तीन?" आत्या म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "वा!"

इंजिनिअर बायकोकडे बघत होता. दोन वर्षांत तिने काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. आत्ताही तिने मागितलं नव्हतं, तिचा चेहरा मात्र असा झाला होता की पेन्सिल आपोआप कार्डावर टेकली.

"पण आत्या," तो कुजबुजला, "हा कुणी मागितला तर? यंत्र हो म्हणणार."

"त्या एकाचा फोन माझ्याकडे देत जा."

"तसं करता येतं," कोटवाले नाइलाजाने म्हणाले. "अवघड फोन माणसाकडे पाठवायची सोय आहे. पण माणूस तिथे बसलेलं लागतं. पूर्णवेळ."

"एका माशासाठी?" दादा म्हणाला. त्याचं पेन हवेतच होतं.

तेवढ्यात मोठी वहिनी ताठ बसली. "एक मिनिट हं. माझी सून आहे, तिचा मासा येऊ दे, माझं काही म्हणणं नाही. पण न होणारा पदार्थ कार्डावर चालणार असेल, तर माझ्या सूपाने काय घोडं मारलं होतं?"

"सूप येणार असेल तर कोंबडी आलीच," धाकटी म्हणाली आणि उठून पुन्हा आपल्या जुन्या जागी, दादाच्या डावीकडे जाऊन बसली. "आणि केक."

"केक तू मागून घेतला होतास! आत्ताच म्हणालीस!"

"मागून घेतला म्हणजे चोरला नाही!"

"दोघींचंही बरोबर आहे," भाऊ म्हणाला, आणि दोघी त्याच्यावर तुटून पडल्या.

दादाचा मोबाईल वाजला. त्याने पेन खाली ठेवलं, फोन कानाला लावला आणि लगेच त्यावर हात ठेवला. "जावई," तो घाबऱ्याघुबऱ्या म्हणाला. "कोबी काढला हे त्यांना इतक्यात कुणी कळवलं? आवाजावरून रुसलेत. आता तू त्यांच्याकडे राहायला जायचीस आणि... आत्या, काय सांगू मी?"

"दे इकडे," आत्या म्हणाली. तिने फोन कानाला लावला, पदराचं टोक कमरेला खोचलं आणि एक सेकंद थांबली, पलीकडचा श्वास ऐकत.

"जावईबापू," ती म्हणाली, "तुमचा कोबी काढायची छाती आहे का कुणाची इथे?" आणि मोकळ्या हाताने तिने इंजिनिअरला खूण केली की लिही.